तात्यांनी आणलेला समुद्र

आमच्या घरी समुद्र आला तो जीपच्या मागच्या सीटवर बसून. निळ्या प्लास्टिकच्या पिंपात तो होता, आणि पिंप कलंडू नये म्हणून काकींच्या जुन्या साड्यांनी त्याला सीटला आवळून बांधलं होतं. काकी स्वतः मात्र पुढं, मांडीवर पिशव्या घेऊन, पाय पोटाशी धरून आल्या होत्या. तमिळ मुलखातल्या किनाऱ्यावरच्या एका गावापासून थेट विट्याच्या पूर्वेला आमच्या वस्तीपर्यंत. उतरल्यावर त्यांना सरळ उभं राहता येईना. तात्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी पिंपाचं झाकण उघडलं, आत वाकून बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाले, "जित्तं हाय." आम्हाला वाटलं, काकींची चौकशी चाललीय.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, थोरले भाऊ. त्यांचं तिकडं गलाईचं दुकान होतं. सोनारांकडचं जुनं, भेसळीचं सोनं भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचं, हे आमच्या भागातल्या माणसांचं काम. आमच्याकडं पाऊस पडत नाही, त्यामुळं माणसंच ढगांसारखी देशभर पांगली. ज्या गावात चार सोनार, त्या गावात आमचा एक माणूस ठरलेला. एक गेला की त्याचा मेहुणा जाणार, मेहुण्यामागं त्याचा चुलतभाऊ. तिथली भाषा शिकायची, तिथल्या देवाला वर्गणी द्यायची, पोरं तिथल्या शाळेत घालायची, आणि मन मात्र इथं माळावर ठेवायचं. गावात त्यांनी बांधलेले बंगले होते, 'कोइमतूर निवास', 'गुंटूर सदन' अशा नावांचे. यात्रेपुरते त्यांचे दिवे लागायचे, एरवी कुलपं. आम्ही पोरी कुलपांवरून भूगोल शिकलो असं म्हटलं तरी चालेल.

अण्णा मात्र कुठंच गेले नाहीत. वडील लहानपणी वारले, तेव्हा तात्यांनी दुकानावर राबून अण्णांना वाढवलं, लग्न करून दिलं, आणि त्याच हिशेबानं अण्णा आयुष्यभर त्यांच्यापुढं मान खाली घालून राहिले. त्यांनी स्वतःच्या मनानं एकच गोष्ट केली, ती म्हणजे विहीर. खडकात सुरुंग लावून, उन्हाळे घालवून पाडलेली. आमच्या माळावर बाकी सगळ्यांना मचूळ पाणी लागलं आणि अण्णांना गोड. सगळी वस्ती ते पाणी प्यायची. सकाळी रहाटाचा कुईकुई आवाज सुरू झाला की आम्हाला जाग यायची, आणि आई सांगायची की या पाण्यात तुरीची डाळ एका उकळीत मऊ होते. माहेरच्या माणसांपुढं तिला मिरवायला दागिने नव्हते, डाळ होती. विहिरीच्या जोरावर अण्णांनी डाळिंबं लावली होती. ते बागेत असले की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते घरात कधी दिसलं नाही, आणि त्याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

त्या संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाता खाता तात्यांनी पिंपातल्या वस्तूची ओळख करून दिली. ते समुद्री शेवाळ होतं. हिरवट-तांबूस, जाड फांद्यांचं, हातात धरलं की रबरासारखं. तिकडं बायका बांबूच्या तराफ्यांना दोरीनं त्याचे तुकडे बांधतात, तुकडा बघता बघता झुडूप होतो, आणि ते वाळवून कंपनी नेते. त्याचा चिकट रस आइस्क्रीमात जातो, टूथपेस्टमध्ये जातो, पिकांच्या औषधात जातो. "खत नगं, औषध नगं, खुरपणी नगं," तात्या म्हणाले. "नुसतं पाण्यात सोडायचं. आता परमुलखात हाडं न्हाई झिजवायची. ह्ये आपल्या शेततळ्यात लावायचं आन् हितंच ऱ्हायाचं." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. तात्यांची कितीही टिंगल केली तरी ते खरं होतं. त्या माणसाला घरी यायचं होतं, आणि रिकाम्या हातांनी यायची लाज वाटत होती.

गुडघे चोळत काकी म्हणाल्या, "आवं, मेरीच्या दाल्ल्याचं बी सांगा की." मेरी त्यांची तिकडची शेजारीण, तिचा नवरा कोळी. तात्या काही सांगेनात, तेव्हा काकींनीच सांगितलं. "तिचा दाल्ला बेटाकडं मासं धरायचा. तिथं पाण्याखाली पोवळी हायती. आपण अंगठीत घालतो तसली सुकी न्हाईत, जित्ती. झाडावानी वाढत्यात, मासं त्यांच्या आडोशाला अंडी घालत्यात. आन् ह्ये शेवाळ तिथलं न्हवंच. बाहेरच्या देशातनं आणलेलं. वादळात तराफं फुटलं, तुकडं वाहून बेटाला गेलं. बोटाएवढा तुकडा पोवळ्यावर बसला की वाकळंवानी पसरतोय. खाली ऊन जाईना. पोवळी गुदमरली, पांढरी पडली, मोडली. मासं गेलं. आता मेरी कंपनीत शेवाळ लावाय जातीया, आन् तिचा दाल्ला सरकारी रोजगारावर तेच शेवाळ उपटाय जातोय."

"बघा, दोघास्नीबी काम मिळालं," तात्या म्हणाले.

"मासं कुणी खायाचं मग?"

"त्यो समिंदर हाय. त्याला ना बांध ना कुंपण, पसरणारच. आपलं तळं चार कोपऱ्याचं, खाली जाड प्लास्टिक. हितनं कुठं जाणार त्ये? विट्याला?" तात्या हसले, म्हणून अण्णाही हसले. आईनं माझ्याकडं पाहून भुवई उडवली आणि भाकरी उलटली.

शेततळं आमच्या रानाच्या वरच्या अंगाला होतं, सरकारी योजनेतलं, काळ्या कागदाचं. कागद म्हणजे जाड प्लास्टिक. आमच्याकडं त्याला कागदच म्हणतात. नुकतीच कालव्याच्या पाण्याची पाळी येऊन गेली होती. ज्या पाण्यासाठी माणसं मोर्चे काढून, डोकी फोडून घेऊन म्हातारी झाली, ते पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि आम्ही त्यात मीठ ओतलं. ट्रकनं खडेमिठाची पोती आली. सोनं गाळणाऱ्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट प्रमाणाची वाटते. तेजाब किती, पाणी किती, आच किती हे जमलं की झालं. आणि प्रमाण समजतं ते जिभेला, वजनकाट्याला नाही, अशी तात्यांची श्रद्धा. ते काठावर उकिडवे बसायचे, ओंजळीतलं पाणी चाखायचे, डोळे मिटून तिकडचा किनारा आठवायचे आणि म्हणायचे, "न्हाई रं, अजून अळणी हाय. टाका." अण्णा पोतं फोडायचे. असा आमचा समुद्र चवीनं तयार झाला. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून बायकोचं ताट भिरकावणारे कितीतरी पुरुष त्या दिवसांत काठावर उभं राहून "अजून थोडं टाका" असा सल्ला देत होते.

शेवाळ दोऱ्यांना बांधून पाण्यात सोडलं आणि गावात आनंदीआनंद झाला. शाळांच्या सहली आल्या. गुरुजींनी पोरांना सांगितलं की समुद्र असाच असतो, फक्त मोठा. एका वर्तमानपत्रानं 'दुष्काळी माळावर समुद्राची गाज' असा मथळा दिला. गाज कुठली, वाऱ्यानं कागद फडफडायचा. मग उद्घाटनाला साहेब आले. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव सांगायची गरज नाही, कारण तसे सगळ्याच भागांत असतात. त्यांनी फेटा बांधून समुद्राला नारळ अर्पण केला. नारळ तरंगत पुन्हा त्यांच्याच पायाशी आला, तो एका कार्यकर्त्यानं काठीनं आत ढकलला. भाषणात साहेब म्हणाले, "शिराळ्याला नाग, विट्याला सोनं, आन् आता आपल्याकडं समिंदर! उद्या हितं बंदर झालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या काकी पुटपुटल्या, "आधी यष्टी येऊ द्या."

पहिले काही दिवस शेवाळ टवटवीत दिसलं. तात्या रोज फांद्या मोजायचे. मग टोकं पांढरी पडायला लागली. तात्या म्हणाले, कोंब फुटतोय. मग फांद्याच पांढऱ्या झाल्या, मऊ पडल्या, हात लावला की तुटायला लागल्या. तात्यांनी आणखी मीठ टाकलं. वास सुटला. डाळिंबाच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या गेल्या आणि माश्या आल्या. तात्यांचं म्हणणं होतं की समुद्राला वास असतोच, तुम्ही कुणी कधी गेला नाहीत म्हणून तुम्हाला नवल वाटतं. यावर बोलायची सोय नव्हती, कारण आमच्यातलं कुणी खरंच गेलं नव्हतं. गेलेल्या एकट्या काकी होत्या, आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं.

मिठाचा पत्ता आमच्याआधी मेंढरांना लागला. बिरूमामा धनगर दरवर्षी आमच्या रानात कळप बसवायचे. मेंढराला मिठाची किती ओढ असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायलाच नको. सकाळी चरायला निघालेला कळप वाऱ्यावर मिठाचा वास येताच फिरला आणि तारेचं कुंपण वाकवून तळ्याच्या उतारावर चढला. काठावर वाळलेला मिठाचा थर चाटत मेंढरं खाली सरकत गेली, ओल्या कागदावरून घसरली, आणि वर यायला खुरांनी कागद ओरबाडत राहिली. बिरूमामा आणि अण्णांनी एकेक मेंढरू कानाला धरून बाहेर ओढलं. "आवं तात्या," बिरूमामा धापा टाकत म्हणाले, "तुमी रानात मिठागार घातलं त्ये घातलं, मेंढराला आवतान तरी कशापायी दिलंसा?" तात्यांनी कळपाला वाट्टेल ते बोलून घेतलं. कागदाकडं कुणी पाहिलं नाही. मेंढरं वाचली याचाच सगळ्यांना आनंद झाला होता.

त्यानंतर काही दिवसांनी अण्णा जेवताना म्हणाले, "आज मीठ लय पडलंय." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आईनं वरणात मिठाचा खडाही टाकला नाही, माझ्यासमोर. अण्णा घास घेऊन म्हणाले, "कुठं ध्यान असतंय तुजं?" त्या दिवशी डाळही शिजली नव्हती, तासन्‌तास चुलीवर ठेवून दाणा दाण्याला ओळख देईना. आईनं डाव खाली ठेवला, विहिरीच्या पाण्याचा तांब्या अण्णांच्या ताटाशी आदळला आणि म्हणाली, "माजं ध्यान चुलीपाशी हाय. तुमचं कुठं हाय त्ये प्या आन् सांगा." अण्णांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा असा उतरला की आईनं लगेच नजर वळवली. ते हात न धुता उठले आणि विहिरीवर जाऊन बसले. विहीर तळ्याच्या खालच्या अंगाला होती. समुद्र विट्याला गेला नव्हता, तेवढं तात्यांचं खरं ठरलं.

वस्तीला टँकर सुरू झाला. ज्या वस्तीनं कधी टँकर पाहिला नव्हता, तिथं बायका कळशांच्या रांगा लावायला शिकल्या. डाळिंबाची पानं कडेनं करपली. अण्णा एकेक पान हातात घेऊन पाहायचे आणि तात्यांसमोर काही बोलायचे नाहीत. तात्या म्हणायचे, उन्हाळ्यात सगळ्यांच्याच विहिरींना खार येतो. त्यांच्या बोलण्याला कुणी हो म्हणत नव्हतं आणि नाहीही म्हणत नव्हतं. आज मला वाटतं, आमच्या घरातलं सगळ्यात जुनं शेवाळ तेच होतं. थोरल्यांच्या शब्दाखाली कुणाला ऊनच मिळायचं नाही.

अशात साहेब पुन्हा आले, या वेळी अधिकाऱ्यांची समिती घेऊन, प्रकल्प आदर्श म्हणून जाहीर करायला. येताना त्यांच्या गाडीला वाटेत आमच्या टँकरसाठी बाजूला थांबावं लागलं होतं. तळ्याकडं नाकाला रुमाल लावून सगळे बघून आले आणि ओसरीवर टेकले. आईनं पाहुण्यांसाठी टँकरचं पाणी गाळून ठेवलं होतं. अण्णा तिच्या हातातलं तबक घेऊन आत गेले, पेले रिकामे केले, आणि विहिरीच्या पाण्यानं भरून स्वतः बाहेर घेऊन आले. मी दाराशीच होते.

साहेबांनी मोठा घोट घेतला. गालातल्या गालात काहीतरी हललं. पण जो माणूस निवडणुकीत सगळ्या भावकीच्या घरचा चहा पितो त्याला गिळणं शिकवावं लागत नाही. "वा," ते म्हणाले, "काय पाणी हाय!" लगेच समितीनं घोट घेतले. एक अधिकारी म्हणाला, खनिजं भरपूर दिसतात. दुसरा म्हणाला, मधुर आहे. शेवटचा पेला अण्णांनी तात्यांपुढं धरला. दोघे भाऊ एकमेकांकडं पाहत होते. तात्यांनी पेला तोंडाला लावला, खाली ठेवला नाही, संपवला.

"गोड हाय," ते म्हणाले.

अण्णा इतक्या हळू बोलले की साहेबांना ऐकूही गेलं नसेल. "बरं झालं दादा. मग तुमच्यापुरतं आजपास्नं हेच भरत जाईन."

आणि त्यांनी भरलं. रोज सकाळी विहिरीचं पाणी शेंदायचं आणि तात्यांच्या खाटेशी मडकं ठेवायचं. आम्ही सगळे टँकरचं पाणी प्यायचो, तात्या मडक्यातलं. गोड आहे म्हटलं होतं ना, मग माघार कशी घ्यायची? चहासुद्धा त्याच पाण्याचा मागायचे. ओठ फुटले, पोट बिघडलं. काकी रडल्या, "आवं, म्या तुमच्या पाया पडते, सोडा ह्यो हट्ट." मग अण्णांकडं जाऊन रडल्या. अण्णा म्हणाले, "वैनी, मी न्हाई म्हणलो का कवा दादास्नी? आता बी न्हाई म्हणत." घरात दोन माणसं एकमेकांशी भांडत होती आणि आवाज फक्त मडकं खाली ठेवल्याचा येत होता. मला अण्णांचा राग आला, तात्यांचाही आला, आणि कुणाची बाजू घ्यावी हे आजही ठरलेलं नाही.

परवा इकडं सासरी, कोरेगावच्या बाजारात आमच्या मिस्टरांनी आल्याच्या पिकासाठी औषधाची बाटली घेतली. वर निळ्या लाटांचं चित्र आणि खाली लिहिलेलं, समुद्री शेवाळाचा अर्क. बाटली चांगली असेल, आल्याला मानवतही असेल. ज्या समुद्रातून ती आली तिथली पोवळी कशी आहेत हे बाटलीवर छापलेलं नव्हतं, आणि दुकानदाराला विचारलं तर तो माझ्याकडंच बघत राहिला. त्या तळ्याचं पुढं काय झालं तेही सांगते. पाणी ओढ्यात सोडायचं ठरलं तेव्हा खालच्या गावची माणसं काठ्या घेऊन आली, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. शेवटी उन्हानंच ते आटवलं, आम्ही मीठ खरवडून ट्रकनं पाठवून दिलं. डाळिंबं गेली. विहिरीचा खार उतरायला कितीतरी पावसाळे जावे लागले, तोवर मी लग्न होऊन इकडं आले होते. प्रकल्प कागदोपत्री आदर्शच राहिला.

पण हे सगळं नंतरचं. त्या उन्हाळ्यात एका दुपारी टँकर आला तेव्हा सगळ्या वस्तीच्या बायका कळशा घेऊन उभ्या होत्या, मीही होते. आमच्याकडं पुरुष पाण्याच्या रांगेत येत नाहीत, आणि दुकानावरून आलेला माणूस तर नाहीच. रस्त्यानं तात्या आले. डोक्यावर टोपी नव्हती, हातात कळशी होती, सवय नसल्यामुळं पायाला लागत होती. कुणीतरी पदर सावरत म्हणालं, "तात्या, तुमी कशाला? या म्होरं, भरून घ्या."

तात्यांनी मान हलवली. "न्हाई. हिरीचं पाणी खारट झालंय. म्या केलंय त्ये. माजा लंबर शेवटचा."

सगळ्यांना ठाऊक होतं की शेवटच्या कळशीपर्यंत टँकर कधी पुरत नाही. तात्या रांगेच्या टोकाला जाऊन उन्हात उभे राहिले, खाली बघत. तेवढ्यात बागेकडून अण्णा आले. त्यांच्याही हातात कळशी होती. त्यांनी तात्यांकडं बघितलं नाही. त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.